वयनी

"कुठला खेळ, ताई?" शेजारच्या पलंगावरच्या दाढीवाल्या मुलानं विचारलं.

मी पाठीवर पडून होते. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, आणि ती गुडघ्यानं दाबायची, मांडी आवळायची, सोडायची, पुन्हा आवळायची. जगात याहून कंटाळवाणा व्यायाम नसेल. त्याच्याही गुडघ्याखाली तसलीच गुंडाळी होती, पलीकडच्या तिघांच्याही. सगळे हाफपँटीतले, बाहीत दंड न मावणारे गडी आणि मधे पंजाबी ड्रेसची सलवार गुडघ्यापर्यंत दुमडलेली मी.

"फुगडी," मी म्हटलं.

तो हसला. मग म्हणाला की खरंच विचारतोय. त्याचा गुडघा कबड्डीत गेला होता. चढाईला गेला, तिघांनी धरलं, अंग वळलं आणि पाय राहिला.

"माझंही तसंच," मी म्हटलं. "पाय जागेवर राहिला, मी फिरले. पंचमीला. फुगडीत."

कुणीतरी पलीकडं खोकल्यासारखं केलं. दुसऱ्यानं टॉवेल तोंडावर ओढून घेतला. दुसऱ्या दिवसापासून कराडच्या त्या फिजिओ सेंटरात माझं नाव फुगडीवाल्या ताई पडलं. फुगडीला पंच असतो का, वजनी गट किती, जोडीदार आउट झाली तर बदली खेळाडू घेता येते का, असल्या चौकशा रोज व्हायच्या. दाढीवाला रणधीर त्यात सगळ्यात पुढं. माझ्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं तेव्हा मला जेवढी लाज वाटली नाही तेवढी ते कशानं तुटलं हे सांगताना वाटायची. पण हळूहळू मीही त्यांना उत्तरं द्यायला लागले. तुमच्या कबड्डीत सात जण लागतात, म्हटलं, आमच्यात दोघीत काम होतं.

ऑपरेशन कसं झालं हे घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचं काम मात्र माझ्याकडं नव्हतं. ते आत्यांनी घेतलं होतं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या भागात सासूला आत्या म्हणतात, नात्यातली असो वा नसो. त्या सांगायच्या, "मांडीतलीच एक शीर काढली बघा, आन् हाडाला भोक पाडून गुडघ्यात ओवली. परकराला नाडी ओवत्यात, तशी." बाया तोंडाला पदर लावायच्या. मग आत्या हळू आवाजात पुरवणी जोडायच्या, "आता नाडी बसूस्तवर जपायला नको?"

आणि जपायच्या कशा! सोप्यात मधोमध एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती. तीत मला हळदीकुंकवाला आलेल्या तहसीलदारीणबाईंसारखं बसवलेलं. आमच्या घरातलं सगळं आयुष्य जमिनीवर चालायचं. भाजी जमिनीवर निवडायची, कपड्यांच्या घड्या जमिनीवर, जेवणं जमिनीवर, आणि माझी रेणूही जमिनीवर. मी एकटी तेवढी हातभर उंचावर. नुसतं पुढं वाकले तरी आत्या स्वयंपाकघरातनं ओरडायच्या, "कशाला उठतीस? मी हाय की." पाठीला डोळे असलेली माणसं असतात. आत्यांना तर भिंतीपलीकडचंही दिसायचं.

रेणू वर्षाची होऊन गेली होती. नुकती धरून धरून चालायला आणि बोलायला लागली होती. चिऊ, भूभू, मम, बाबा. आणि एक दिवस ती आत्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली, दोन्ही हात वर केले आणि स्वच्छ म्हणाली, "आई."

आत्यांनी तिला उचललं. घरात हशा पिकला. रेणूचे बाबा आत्यांना आई म्हणायचे, माझे दीर प्रथमेश आई म्हणायचे. पोरीनं ऐकलं तेच उचललं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मला घरात नावानं हाक मारणारं कुणी नव्हतंच. प्रथमेशचं मात्र सकाळी 'वहिनी, चहा'पासून रात्री 'वहिनी, माझा चार्जर'पर्यंत अखंड चालू असायचं. म्हणून माझं नाव पडलं वयनी.

"वयनी," असं म्हणून ती मला चमचा आणून द्यायची. मग एक बूट आणून द्यायची. तहसील कचेरीत खिडकीपलीकडच्या माणसाकडं कागद सरकवतात तशी. माझ्याकडं हात वर करून काही उपयोग नाही, हे तिला फार लवकर कळलं होतं.

सगळे हसायचे तशी मीही हसायचे. फोनवर माझी आईसुद्धा हसली. म्हणाली, तुझा मामा मोठा होईपर्यंत आमच्या आईला काकीच म्हणायचा, काय बिघडलं? रेणूचे बाबा म्हणायचे, कळेल हळूहळू, घाई काय आहे. त्यांचं ठीक होतं. त्यांना ती पहिल्यापासून बाबाच म्हणत होती.

एकदा शेजारच्या विमलमावशी रेणूला म्हणाल्या, "अगं, ती तुझी आई, ही आजी." रेणूनं दोघींकडं बघितलं आणि आत्यांच्याच पुढं हात वर केले. "आई." आत्या तिला कडेवर घेत म्हणाल्या, "लेकराला कळतंय कोन सांभाळतंय ते." गमतीनंच म्हणाल्या. त्या दिवशी मी भाजी निवडत नव्हते, तरी ताटातल्या मेथीच्या काड्यांकडं बराच वेळ बघत बसले.

तिथून माझं डोकं फिरलं. मला काय हवं होतं ते मी कुणाला सांगितलं नाही, पण मला ते स्वच्छ दिसत होतं. जमिनीवर उभी असलेली रेणू आपल्या हातांनी उचलायची. तेवढं जमलं की पुढचं ती म्हणेल.

एका दुपारी आत्या शेजारी सांडगे घालायला मदतीला गेल्या. रेणू उंबऱ्याशी बसून रडत होती. मी खुर्चीतून उठले, भिंतीला धरून गेले, वाकले आणि सगळा भार उजव्या, धडक्या पायावर टाकून तिला उचलायला गेले. ती वर आलीच नाही. अर्ध्यातच माझा डावा गुडघा आतल्या आत हलल्यासारखा झाला आणि मी तिच्या शेजारी फतकल मारून बसले. रेणू रडायची थांबली. एवढ्या दिवसांत मी पहिल्यांदा तिच्या उंचीवर आले होते. तिनं आनंदानं मला टाळी दिली.

संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म सुजला. आत्यांनी बर्फ आणला, धरून बसल्या, पण बोलल्या काही नाहीत. त्यांनी दोन शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

मुल्ला मॅडमनी मात्र सुनावलं. मॅडम म्हणजे आमच्या फिजिओ. किरकोळ अंगाच्या, कुर्त्याच्या बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, आवाज कधी वर न जाणाऱ्या. त्या कुणाला छान म्हणत नसत. छान म्हटलं की माणूस तिथंच थांबतं, असं त्यांचं मत होतं. त्यांनी गुडघा इकडून तिकडून दाबून बघितला, दोरी शाबूत आहे म्हणाल्या आणि मग विचारलं की एवढी कसली घाई झाली होती.

मी सांगितलं. वयनीपासून सगळं. पलीकडं रणधीर ऐकतोय हे मला कळत होतं, तरी सांगितलं.

मॅडम हसल्या नाहीत. "वजन उचलायला आणि हट्ट उचलायला वेगवेगळे स्नायू लागतात, मेघना," त्या म्हणाल्या. "तुमचा दुसरा चांगला आहे. पहिला नाही. ठीक आहे, तुम्हाला मूल उचलायचंय ना? मग आजपासून इथला प्रत्येक व्यायाम मूल उचलायचाच आहे असं समजा."

सूज उतरेपर्यंत त्यांनी मला पुन्हा त्या कंटाळवाण्या टॉवेलवर आणून ठेवलं. मग खुर्चीवर बसायचं आणि हात न टेकता उठायचं. मग बुटक्या स्टुलावर. मग पायरी चढायची, आणि चढण्यापेक्षा अवघड म्हणजे हळूच उतरायची. समोर भलामोठा आरसा. डावी मांडी उजवीची धाकटी बहीण वाटावी एवढी वाळली होती आणि मी तिला कामाला लावतच नव्हते. मला वाटायचं मी दोन्ही पायांवर सारखी उभी आहे. आरशात कंबर उजवीकडं सरकलेली दिसायची.

"उजवा पाय तुमचा सासुरवाशीण झालाय," मॅडम म्हणायच्या. "सगळं घर तोच ओढतोय. आणि डावा बघा, माहेरपणाला आल्यासारखा बसलाय. उठवा त्याला."

डाव्याला उठवताना घाम फुटायचा. दुखण्यापेक्षा भीतीचाच जास्त. तो पुन्हा आतल्या आत हलेल, ही भीती. मॅडम शेजारी उभ्या राहायच्या, हात लावायच्या नाहीत. गुडघा घाबरला की आधी श्वास अडकतो, हे त्यांनी मला शिकवलं. उठताना तोंडानं हवा सोडायची. वजन कितीही असो, हवा सोडत उठायचं, आवाज न करता.

हा आवाज न करण्याचा नियम त्या सगळ्यांनाच सांगायच्या, पण तो पाळायची एकटी मी. आमचे पैलवान डंबेल उचलताना असे विव्हळायचे की रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं इथं दात काढतात.

पुढं मॅडमनी एका उशीच्या अभ्र्यात तांदूळ भरून त्याचं तोंड शिवून आणलं. लोखंड मुकाट्यानं हातात राहतं, म्हणाल्या, मूल राहत नाही. ते गाठोडं खरंच उचलताना इकडून तिकडं कलंडायचं. पोरांनी त्याचं बारसं केलं. रणधीर तोपर्यंत पळायला लागला होता, तरी येता-जाता गाठोडं मांडीवर घेऊन बसायचा. "ताई, आज बाळ जड लागतंय," म्हणायचा, "आजीनं तूप घातलेलं दिसतंय." मी गाठोडं जमिनीवरून कमरेपर्यंत, कमरेपासून छातीपर्यंत आणायला शिकले. मॅडम अजून छान म्हणाल्या नव्हत्या. खऱ्या रेणूला हात लावायची परवानगीही नव्हती.

घरी काही बदललं नव्हतं. "आई," हात वर. "वयनी," घे हा चमचा.

मग तो शनिवार आला. रेणूचे बाबा कारखान्यात पाळीवर, प्रथमेशची परीक्षा. मला सेंटरला सोडायला कुणीच नाही. एकटीला रिक्षानं पाठवतील तर त्या आत्या कसल्या? रेणूला घेऊन त्याही आल्या. आत शिरताच त्यांनी हाफपँटींची रांग बघितली, पदर सावरला आणि भिंतीकडं तोंड करून बाकावर बसल्या. रेणूला खाली सोडलं. रेणूला ती जागा फार आवडली. रबरी चेंडू, रंगीत पट्टे आणि बसायला गुळगुळीत गाद्या.

मी आरशापुढं पायरी चढउतार करत होते. माझ्या मागं रणधीरनं दोन्ही हातांत डंबेल घेतले, बसला आणि उठताना सवयीनं ओरडला, "आई गं!"

रेणूनं चेंडू टाकला. ती लुटूलुटू चालत थेट रणधीरपुढं गेली, दोन्ही हात वर केले आणि म्हणाली, "आई."

खोलीत जो काही हशा उसळला! रणधीरच्या हातातलं वजन कसंबसं खाली आलं. पोरं त्याला म्हणाली, रण्या, घे, तुझं पोरगं आलं. तो दाढीवरून हात फिरवत लाजला आणि मला म्हणाला, "ताई, माफ करा. मी काही केलं नाही."

तेवढ्यात कोपऱ्यातल्या मशीनवर दुसऱ्यानं पाय लांब केला. "आई गं..." रेणू वळली आणि त्याच्याकडं निघाली. त्याच्याहीपुढं तशीच उभी राहिली. हात वर. "आई."

आता सगळ्यांना खेळच सापडला. तिसऱ्यानं मुद्दाम विव्हळून बघितलं. रेणू त्याच्याकडं. मीही डोळ्यांतलं पाणी पुसत हसत होते. हसायच्या थांबल्या त्या फक्त मुल्ला मॅडम.

"काकू," त्या आत्यांजवळ जाऊन म्हणाल्या, "तुम्ही हिला उचलताना काय म्हणता?"

"काय म्हननार?" आत्यांनी अजून भिंतीकडंच तोंड केलं होतं. "लेकराला उचलताना काय मंत्र म्हनायचा असतोय?"

"उचलून दाखवा बघू."

आत्यांनी रेणूला हाक मारली. ती पळतच आली. आत्यांनी एक हात बाकाच्या कडेवर रोवला, दुसऱ्यानं तिला कवेत घेतलं, आधी अर्ध्या उठल्या, तिथं थांबल्या, आणि मग उरलेलं उठताना त्यांच्या तोंडून आलं, "आई गं!"

"आई," रेणू समाधानानं म्हणाली.

पोरांनी टाळ्या पिटल्या. मीही हात उचलले होते, पण टाळी वाजवली नाही. मला आत्यांचा तो बाकावर रोवलेला हात दिसत होता. बोटं पांढरी पडली होती.

मग एकेक आठवायला लागलं. मधे एकदा प्रथमेश सिलिंडर उचलत असताना रेणूनं त्यालाही हात वर करून आई म्हटलं होतं. आम्ही पोटभर हसलो होतो आणि पोरगी गोंधळली म्हणून सोडून दिलं होतं. आणि ते आई गं? ते तर घरात दिवसभर असायचं. मोरीतून, माळ्याखालून, उंबऱ्यावरून. पंख्याच्या घरघरीसारखं. कुणाच्या कानावर ते पडतच नव्हतं. एका रेणूच्या सोडून. तिनं ते नीट ऐकलं होतं आणि अर्थही नीट लावला होता. आई म्हणजे उचलून घेणं.

मॅडम आत्यांशेजारी बसल्या. गुडघे कधीपासून दुखतायत, असं त्यांनी विचारलं. दुखत नाहीत, नुसती म्हणायची सवय आहे, असं आत्यांनी सांगितलं.

"जिना उतरताना?"

"उतरताना जरा."

"उठताना?"

"उठताना बी जराच."

"बसताना?"

आत्यांनी विचार केला. "बसल्यावर न्हाई दुखत," त्या म्हणाल्या.

पोरं पुन्हा हसली, पण हळू. मॅडमनी विचारलं की मग एवढं मूल दिवसभर कशाला उचलता. तेव्हा आत्यांनी पहिल्यांदा भिंतीकडची मान वळवली आणि माझ्याकडं बोट दाखवलं.

"मग कोन उचलनार? हिच्या गुडघ्यात नवी नाडी हाय. माझ्यात जुनी. जुनी तुटली तर तुटली."

मी पायरीवरून उतरले. हळूच, डाव्या पायावर, जसं शिकवलं होतं तसं.

"आत्या, तिला खाली ठेवा," मी म्हटलं.

"आगं, पर..."

"ठेवा."

त्यांनी मॅडमकडं बघितलं. मीही बघितलं. मॅडम दोन पावलं बाजूला सरकल्या, आरसा मोकळा झाला. रणधीरनं पायाशी आलेला चेंडू ढकलून दिला.

रेणू माझ्यापुढं उभी होती. हात खाली. वयनीपुढं कशाला वर करायचे? मी पाय अंतरावर घेतले. कंबर मागं नेली, बसले. आरशात बघितलं. कंबर उजवीकडं सरकत होती. तिला मधे आणलं. डाव्या मांडीत थरथर सुरू झाली. भीती आली, तिथंच, नेहमीच्या जागी. मी रेणूच्या काखांत हात घातले, तिला छातीशी ओढलं आणि हवा सोडत उठले.

गुडघा काही बोलला नाही.

ती वर आली. सगळीच्या सगळी वर आली, पावलांसकट, घामेजलेल्या मानेसकट. तांदळाच्या गाठोड्याला असा वास नव्हता. तिचं नाक माझ्या नाकापाशी होतं. ती माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होती. वाट बघत होती. मी नियमाप्रमाणं गप्प होते. तिनं एक बोट माझ्या ओठांना लावलं. मग तिचा खालचा ओठ पुढं यायला लागला.

"म्हन की गं," आत्या बाकावरून म्हणाल्या. "त्याबिगर तिला उचलल्यागत वाटत न्हाई."

माझं तेव्हा काहीही दुखत नव्हतं. आवाज करायचा नाही असा नियम होता आणि नियम करणारी बाई हाताच्या अंतरावर उभी होती.

"आई गं," मी म्हटलं.

रेणूचा ओठ जागेवर गेला. तिनं वळून आत्यांकडं बघितलं, मग रणधीरकडं, मग पुन्हा माझ्याकडं. माझ्या गालावर एक थाप मारली आणि तोवर ज्या पोरीनं एका वेळी एकच शब्द वापरला होता, ती दोन शब्द म्हणाली.

"वयनी आई."

तिला त्यातलं नेमकं काय म्हणायचं होतं, हे मी तेव्हा कुणाला विचारलं नाही. आता ती दुसरीत आहे, तिलाही विचारत नाही.

मॅडम आत्यांना सोमवारी तुम्हीही यायचं असं सांगत होत्या आणि आत्या, या गड्यांच्यात मी न्हाई यायची, असं म्हणत होत्या. रणधीर त्यांना माझ्या शेजारचा पलंग रिकामा करून देतो असं कबूल करत होता. मग मॅडम माझ्याकडं वळल्या.

"छान," त्या म्हणाल्या. "आता तिला तशीच हळूच खाली ठेवा. ठेवणं हासुद्धा व्यायामच आहे."

तेवढं एक मी त्यांचं ऐकलं नाही.